कावीळ म्हणायचं ठरलं होतं

मधू दिघे गेल्याचा फोन आला तेव्हा सकाळचे साडेसहा वाजले होते आणि मी दाढी करत होतो. फोनवर त्याची मुलगी, शुभा. "काका, बाबा गेले," एवढंच म्हणाली. अर्धा गाल तसाच ठेवून मी इंदूरच्या बड्या गणपतीजवळच्या त्याच्या घरी पोचलो, तर तिथे वर्तमानपत्रात द्यायच्या मजकुरावर चर्चा चालू होती. कुणा उत्साही शेजाऱ्याने कच्चा मजकूर तयारही केला होता : 'अल्पशा आजाराने दुःखद निधन'. सुखद निधन कसं असतं ते मला ठाऊक नाही, पण आजार अल्पसा नव्हता. पाच महिने चालला होता, आणि खरं सांगायचं तर त्याच्याही आधी चाळीस वर्षं.

तिसऱ्या दिवशी अस्थी घेऊन परतल्यावर शुभाने मला ओट्यावर बसवून घेतलं. ती छत्तीस वर्षांची आहे, शाळेत भूगोल शिकवते. वडिलांच्या आजारपणात धावपळ करताना तिचं वजन चार किलो उतरलं होतं आणि सहज केलेल्या तपासणीत रक्तात साखर निघाली होती. मधूला स्वादुपिंडाचा कॅन्सर होता. जठराच्या मागे आडवी पडलेली ही ग्रंथी, तिचं नावही आम्ही कुणी आधी घेतलं नव्हतं. त्याच्या डॉक्टरांनी शुभाला सांगितलं होतं, की रक्ताच्या नात्यात हाच आजार आणखी कुणाला झाला असेल तर मला कळव, मग तुझी साखर मी वेगळ्या नजरेने बघेन. म्हणून तिने मला विचारलं, "काका, तुम्ही बाबांबरोबर पहिल्यापासून होतात. नानाआजोबा कशाने गेले?"

आतून सुनंदावहिनी म्हणाल्या, "कावीळ झाली होती त्यांना. किती वेळा सांगू तुला?"

"आई, मी काकांना विचारतेय."

"कावीळच," मी म्हणालो.

"आणि सुधाआत्या?"

"तिलाही."

दोघंही मरताना हळदीसारखे पिवळे झाले होते हे खरं आहे. बाकी माझं उत्तर खोटं होतं, आणि ते खोटं आहे हे जगात दोनच माणसांना ठाऊक होतं. त्यातल्या एकाच्या अस्थी मी नुकत्याच उचलून आणल्या होत्या.

नाना म्हणजे मधूचे वडील. मिलच्या साळखात्यात, म्हणजे कापड विणलं जायचं तिथे, जॉबर म्हणजे मुकादम होते. मधू आणि मी तेविशीत होतो, दोघंही मिलमध्ये नुकते चिकटलेले. तो रंगखात्यात शिकाऊ, मी टाइम ऑफिसात हजेरीचा कारकून. नाना काही आठवड्यांत पिवळे पडले. ताप नाही, दुखणं नाही, नुसती खाज... रक्त येईपर्यंत खाजवायचे. सगळे करतात ते सगळं झालं. शेवटी दवाखान्यात पोट उघडलं आणि तसंच शिवलं. सर्जन बाहेर येऊन मधूशी बोलले, मी शेजारी उभा होतो म्हणून मीही ऐकलं. आत जठराच्या मागे गाठ होती, कॅन्सरची, निघण्यासारखी नव्हती. मधूने किती दिवस उरलेत हे विचारलं नाही. त्याने विचारलं, "हे कुणाला कळवावं लागतं का?" कारण पुढच्या महिन्यात धाकट्या बहिणीचं, सुधाचं लग्न होतं. स्थळ देवासचं, चांगलं होतं. कॅन्सर लागण होऊन पसरतो असं निम्म्या लोकांना वाटायचं आणि रक्तातून येतो असं उरलेल्यांना. दोन्ही हिशेबांनी स्थळ मोडलंच असतं. दवाखान्याच्या आवारात सायकलला टेकून मधू मला म्हणाला, "गोविंदा, कावीळ म्हणायचं. ठरलं?" मी म्हणालो, ठरलं. महिन्याभराचा प्रश्न आहे असं आम्हाला वाटलं होतं.

नाना गेले, सुधाचं लग्न झालं, दीड वर्षाने मधूचंही झालं. आणि हा माणूस रंगखात्यात असा रुजला की पुढे त्याला दिघे कुणी म्हणेना. मास्टर म्हणजे तोच. रंग त्याला दिसायचा नाही, ऐकू यायचा असं वाटावं, इतका तो त्यात बुडालेला असे. काळा रंग एका पुडीतून निघत नाही, चांगला काळा तीन-चार रंगांचा असतो आणि त्यातला एक तरी कुणाला न सुचणारा असतो, हे तो नव्या पोरांना शिकवायचा. भोंदूपणाचा त्याला भारी राग. एकदा खात्यातल्या एका कामगाराच्या बायकोला कावीळ झाली आणि कुणा वैद्याने झाडाच्या सालीची पूड चोळून तिचे हात चुन्याच्या निवळीत धुऊन परातभर पिवळं पाणी काढून दाखवलं. सगळं खातं भारावलं. मधूने त्या वैद्याकडची सालीची पूड कुठूनशी मिळवली, सगळ्यांसमोर स्वतःच्या हातांना चोळली आणि निवळीत हात बुडवले. पाणी पिवळंधम्मक. मग तीच पूड पितळी लोट्याला चोळली, लोटाही बुडवला, पुन्हा पिवळं. "देख लो भिया," तो म्हणाला, "मेरे को भी पीलिया, और इस लोटे को भी." आणि मला हाक मारली, "बाबूजी, दोनों की छुट्टी लिख दो. लोटे की पगार मत काटना, बाल-बच्चेवाला है!" खातं हसून लोळलं. सालीची पूड चुन्याला लागली की पिवळी होते, माणूस आजारी असो वा नसो. आठवड्यात दुसऱ्या कुणाची बायको त्याच वैद्याकडे गेली ते वेगळं.

हे सगळं सांगतोय ते त्याला थोर ठरवायला नव्हे. थोर ठरवण्याचं काम शोकसभेत उरकलेलं आहे.

सुधा एकोणपन्नासाव्या वर्षी पिवळी पडली. आम्ही दोघं बसने देवासला गेलो. ती खाटेवर बसून फणीने दंड खाजवत होती. तिचे यजमान भले गृहस्थ, म्हणाले, "दादा, काळजी नका करू, पीलिया आहे, उतरून जाईल. गन्ने का रस चालू आहे." सुधाने मधूला विचारलं, "दादा, नानांसारखंच झालंय ना रे मला?" मधू म्हणाला, "तेव्हा औषधं कुठे होती गं!" आणि तिला जवळ घेऊन हसला. मी त्याचं ते हसणं पाहिलं आहे. परतीच्या बसमध्ये शिप्रा नदीचा पूल येईपर्यंत तो खिडकीबाहेर बघत राहिला. मग म्हणाला, "सांगून काय झालं असतं?" मी म्हटलं, "मोठ्या दवाखान्यात तरी नेली असती." "आणि जावईबापूंना काय सांगू? एकोणतीस वर्षं फसवलं म्हणून?" आम्ही तंबाखू मळली, एकाच डबीतली, नेहमीसारखी. सुधा दोन महिन्यांत गेली. कदाचित कुठेही नेली असती तरी गेलीच असती. पण कदाचितचा फायदा आम्ही तिला दिला नाही, स्वतःला घेतला.

त्यानंतर दोन वर्षांनी मिल बंद झाली. देश मोकळा झाला असं वर्तमानपत्रं छापत होती, त्याच सुमारास आम्हीही मोकळे झालो. गेटवरची नोटीस इंग्रजीत होती. वाचून दाखवायला लोकांनी मलाच पुढे केलं, आणि ज्यांची हजेरी मी तीस वर्षं मांडली त्यांना ती यापुढे लागणार नाही हे मीच सांगितलं. मधूला पोलोग्राउंडच्या एका छोट्या कारखान्यात काम मिळालं. मिलच्या रंगखात्यात निदान उंच छत होतं. इथे पत्र्याची खोली, एक बंद पडलेला पंखा आणि परदेशी लेबलांचे ड्रम. रोलरवरचं ग्रीस काढायला तो उग्र वासाच्या कसल्याशा पातळ द्रवात चिंधी भिजवायचा, उघड्या हातांनी. मी हातमोज्यांचं बोललो तर म्हणायचा, "मोज्यातून कापड काय सांगतं ते कळत नाही." तंबाखूची डबी आता एका दिवसात संपू लागली. शहरात काचेची दुकानं उघडत होती, त्यात टांगलेले शर्ट तो हात लावून बघायचा आणि पुटपुटायचा, "पहिल्या धुण्यात जाणार."

साठी ओलांडल्यावर त्याला साखर निघाली. अचानक. घरात कुणाला नव्हती. रविवारची पोह्यांबरोबरची जिलेबी त्याने बंद केली, आणि इंदूरमध्ये एवढं केलं की माणूस संन्यासी ठरतो. वजन उतरायला लागलं; पट्ट्याला तो खिळ्याने नवीन भोकं पाडायचा. रस्त्यात लोक थांबवून अभिनंदन करायचे. "क्या बात है मास्टर, जवान हो गए!" वहिनींना अभिमान वाटायचा, त्यांच्या कारल्याच्या रसाला यश आलं म्हणून. पुढे पाठ दुखू लागली. आणि एके दिवशी त्याच्या डोळ्यांत मला तो रंग दिसला.

त्याने मला सोबत यायला सांगितलं. मला वाटलं दवाखान्यात. रिक्षा खजरान्याच्या पुढे एका झोपडीवजा घरापाशी थांबली. आत परात, चुन्याची निवळी, मोरपीस, आणि भिंतीवर बऱ्या झालेल्यांचे फोटो. वैद्याने त्याच्या हातांना पूड चोळली.

"मधू," मी म्हणालो, "तुला ठाऊक आहे हे काय आहे."

"ठाऊक आहे. गप्प बस."

"मग कशाला..."

"निघतंय ते बघू दे ना रे मला."

पाणी पिवळं झालं. त्या खोलीत हे पाणी का पिवळं होतं ते समजणारा तो एकटा माणूस होता, आणि तोच सगळ्यात टक लावून बघत होता. वैद्य म्हणाला, "देखिए बाबूजी, कितना निकला!" मधूने बोट बुडवून पाहिलं आणि म्हणाला, "थोडा हरा मार रहा है. चूना ज़्यादा हो गया." मला हसू आलं नाही. आम्ही तिथे तीन आठवडे, दर शनिवारी गेलो. मी त्याला ओढून दवाखान्यात नेऊ शकलो असतो. मी रिक्षा ठरवत राहिलो.

शेवटी शुभाने नेलं. स्कॅन झालं, पिवळेपणा उतरायला आतून नळी घातली, आणि डॉक्टरांनी त्याच्या खाटेशी उभं राहून विचारलं, "मास्टरजी, परिवार में किसी को कैंसर?" शुभा त्याचा हात धरून उभी होती. मी पायथ्याशी होतो. मधूने माझ्याकडे बघितलं, चाळीस वर्षांपूर्वी सायकलला टेकून बघितलं होतं तसंच. "नहीं साब," तो म्हणाला. "ऐसा कुछ नहीं हमारे यहाँ." वाचवायचं असं आता काहीच उरलं नव्हतं. सुधा नव्हती, तिचे यजमान नव्हते, मिलही नव्हती. फक्त शुभा होती, आणि त्याने नेमकं तिच्यासमोर नाही म्हटलं. माझं प्रेम होतं त्याच्यावर, अजून आहे. पण त्या एका 'नहीं साब'साठी मी त्याला माफ केलेलं नाही. स्वतःला माफ करण्याचा प्रश्न त्यानंतरचा.

शोकसभा झाली. कामगार पुढारी आले, जे मिल बंद पडली त्या वर्षी दिसले नव्हते. म्हणाले, "मास्टर को मिल-मालिकों ने मारा." टाळ्या पडल्या, शोकसभेत टाळ्या वाजवू नयेत हे आमच्या शहरात कुणी कुणाला सांगितलेलं नाही. दुसऱ्या वक्त्यांच्या मते टेन्शनने मारलं, तिसऱ्यांच्या मते जिलेबीने. घरी वहिनींना वाटत होतं दृष्ट लागली, बारीक झाल्याचं लोक फार बोलले म्हणून. माझं मत विचाराल तर मी पोलोग्राउंडच्या त्या ड्रमांवर ठाम होतो. ते मला सोयीचं होतं. डबी आम्हा दोघांची होती, ड्रम त्याच्या एकट्याचे. माझ्या लक्षात आलं, की प्रत्येकाने असं कारण निवडलं आहे ज्यात तो स्वतः कुठे नाही.

महिन्याभराने शुभा माझ्या घरी आली, हातात फाइल. "परवा डॉक्टरांकडे जातेय. परिवारात कुणाला होतं का, तिथे 'नाही' सांगते ना काका?" मी तिला सगळं सांगितलं. सर्जन, सायकल, देवास, शनिवार. ती रडली नाही. फाइलची दोरी बोटाला गुंडाळत बसली.

"मी बाबांचा हात धरला होता," ती म्हणाली. "ते म्हणाले तेव्हा."

"हो."

"तुम्ही पण होतात तिथे."

"होतो."

"तिसऱ्या दिवशी मी विचारलं तेव्हा तर बाबा नव्हते, काका. तेव्हा कुणाला घाबरलात?"



वहिनींना तिनेच सांगितलं. मी गेलो तेव्हा त्या गहू निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "भाऊजी, माझं लग्न नानांच्या नंतर झालं." मी हो म्हणालो. "म्हणजे मलाही कावीळच सांगितली." मग उठून चहा दिला. चहात साखर नव्हती. विसरल्या की नाही ते मी विचारलं नाही.

डॉक्टरांकडे मी शुभाबरोबर गेलो. तरुण माणूस, बोलायला सरळ. मी म्हटलं, एकदा सांगून टाका, कशाने झालं? तंबाखू, केमिकल, रक्त, की मिल? ते म्हणाले, "अंकलजी, एक वजह पकड़ के आपको दे दूँ तो आप खुश हो जाओगे, पर वो सच नहीं होगा." तंबाखू नक्की, त्याबद्दल शंका नाही. वय. वडील, बहीण आणि आता हे, म्हणजे घराण्यातही काही असणार. कारखान्यातली रसायनं, त्यांच्यावर संशय आहे, पण एका माणसाच्या बाबतीत सिद्ध करता येत नाही. ती उशिरा आलेली साखर आणि उतरलेलं वजन हे कारण नव्हतं, बहुतेक आजाराचाच पहिला निरोप होता, आणि आम्ही त्याचं अभिनंदन केलं. "और टेंशन?" मी विचारलं. ते हसले. "टेंशन से तो पूरा इंदौर मर जाता." मग शुभाकडे वळून म्हणाले, की हे आधी कळलं ते बरं झालं, तिचा स्कॅन करू, दर वर्षी बघत राहू, तंबाखूच्या जवळ जायचं नाही. "पीला पड़ने का इंतज़ार मत करना. तब तक अक्सर देर हो जाती है. और आपकी बुआ के बच्चों को भी बता दो."

शुभाचा स्कॅन स्वच्छ आला. या वर्षीपुरता, असं ती लगेच म्हणते. मग ती देवासला गेली, सुधाच्या दोन मुलांना सांगायला. धाकट्याने ऐकून घेतलं आणि खिशातली गुटख्याची पुडी टेबलावर ठेवली; परत उचलली की नाही तिला माहीत नाही. थोरला तिला बसपर्यंत सोडायला आला. बस निघताना खिडकीशी वाकून म्हणाला, "ताई, तू सांगितलंस ते ठीक आहे. पण अभी किसी को बोलना मत. आमची मुलगी पिंकी, तिच्या लग्नाचं बघणं चालू आहे." शुभाने मला हे सांगितलं आणि म्हणाली, "काका, तुम्ही अधूनमधून लिहिता ना पेपरच्या पुरवणीत? लिहा हे. बाबांच्या नावासकट लिहा. पिंकी पेपर वाचते." म्हणून लिहिलं.

परवा सकाळी त्यांच्याकडे गेलो होतो. आभाळ भरलेलं, घरात अंधारून आलेलं. शुभा उत्तरेच्या खिडकीशी हातआरसा घेऊन उभी होती आणि बोटाने खालची पापणी ओढून डोळ्याचा पांढरा भाग बघत होती. वहिनी म्हणाल्या, रोज बघते, शाळेत जायच्या आधी. मी म्हटलं, "अगं, डॉक्टर काय म्हणाले? यात दिसेपर्यंत..." "माहीत आहे काका. स्कॅन करतेच आहे." मी दिव्याच्या बटणाकडे हात नेला तर आरशातूनच म्हणाली, "नको. बल्बच्या उजेडात पिवळा कळत नाही. बाबा सांगायचे." खरं होतं ते. पिवळी छटा त्याने कधी दिव्याखाली पास केली नाही. कापडाचा तुकडा घेऊन अंगणात जायचा, सगळं खातं त्याच्यासाठी खोळंबून राहायचं. मी हात मागे घेतला. डावा डोळा बघून झाल्यावर ती उजेडाकडे थोडी सरकली आणि उजव्याची पापणी ओढली.